सूर्याची वीज आणि छपराचा मालक

घराच्या छपरावर सौर पॅनेल बसवा आणि वीजबिलातून मुक्त व्हा, असा प्रचार २०२४ सालापासून देशभर चालू आहे. २२ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांनी 'सूर्योदय योजना' जाहीर केली. पुढच्याच महिन्यात तिचे 'प्रधानमंत्री सूर्यघर मुफ्त बिजली योजना' असे नामांतर झाले आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला. २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत एक कोटी घरांवर सौर पॅनेल बसविण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. एका कुटुंबामागे सरासरी ७५ हजार रुपये एवढा सार्वजनिक पैसा या एका कामासाठी बाजूला काढला गेला आहे.

या योजनेविषयी आपल्या कॉम्रेडांत दोन टोकांची मते आढळतात. हे सारे मध्यमवर्गीयांचे खेळणे आहे, कष्टकऱ्यांच्या चळवळीला त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही, असे काही जण म्हणतात. दुसरीकडे बँका, विमा, शाळा-महाविद्यालये, रेल्वे आणि वीज कंपन्या यांत नोकरी करणारे अनेक कॉम्रेड स्वतःच्या घरासाठी अर्ज करतात, अनुदान घेतात आणि विषय तेथेच संपला असे मानतात. आमच्या मते ही दोन्ही मते अपुरी आहेत. छपरावरील सौर वीज ही उपयुक्त गोष्ट आहे आणि ज्याला ती परवडते त्याने ती अवश्य घ्यावी. परंतु ७५ हजार कोटी रुपये कोणत्या वाटेने कोणाच्या घरी जातात आणि त्यातून निर्माण होणारा भार कोणाच्या बिलावर येतो, हा प्रश्न सर्व कष्टकरी जनतेचा आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी हिशेब नीट मांडला पाहिजे.

खर्च किती, बचत किती

केंद्र सरकारचे अनुदान पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३० हजार रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८ हजार रुपये असे आहे. म्हणजे एक किलोवॅटला ३० हजार, दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८ हजार. सरकारने हे अनुदान ठरविताना पहिल्या दोन किलोवॅटचा प्रमाण खर्च प्रत्येकी ५० हजार आणि तिसऱ्याचा ४५ हजार रुपये धरला होता. प्रत्यक्ष बाजारातील किंमत पॅनेलचा प्रकार, सांगाड्याची उंची आणि गाव यांनुसार याहून बरीच वर जाते. अनुदानासाठी देशात बनविलेल्या सेलचेच पॅनेल बसवावे लागतात आणि ते महाग पडतात, हेही त्याचे एक कारण आहे.

एक किलोवॅटसाठी सुमारे शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. आपल्या हवामानात एक किलोवॅटपासून पावसाळा धरून महिन्याला सरासरी शंभर युनिट वीज मिळते, असा सावध हिशेब करण्यास हरकत नाही. तीन किलोवॅटपासून महिन्याला तीनशेहून अधिक युनिट मिळतील असे सरकारही सांगते.

आता दोन कुटुंबांचा हिशेब करून पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. वाचकांनी आपापल्या राज्याचा वीजदर आणि स्थानिक किंमत घालून तो पडताळून पाहावा.

पहिले कुटुंब महिन्याला ३०० युनिट वापरते. स्वतःचे घर आहे, वर गच्ची आहे. तीन किलोवॅटचा संच १ लाख ८० हजार रुपयांना बसला आणि ७८ हजार अनुदान मिळाले, तर पदरचे १ लाख २ हजार गेले. वाचलेल्या युनिटाचा सरासरी दर सात रुपये धरल्यास महिन्याला २,१०० आणि वर्षाला २५,२०० रुपये वाचतात. चार वर्षांत पैसे वसूल होतात. एक लाख रुपये सात टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी कर्ज काढले, तरी हप्ता सुमारे १,१६० रुपयांचा बसतो आणि पहिल्या महिन्यापासून हातात पैसे उरतात. पॅनेलला साधारण पंचवीस वर्षांच्या कार्यक्षमतेची हमी असते. दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर बदलावा लागला तरी हा व्यवहार फायद्याचाच ठरतो.

दुसरे कुटुंब महिन्याला १०० युनिट वापरते: दोन दिवे, दोन पंखे, एक दूरचित्रवाणी संच, एक लहान फ्रिज. एक किलोवॅटचा संच ६५ हजारांना बसला, कारण लहान संचाला दर किलोवॅटमागे खर्च जास्त येतो. अनुदान ३० हजार, पदरचे ३५ हजार. या कुटुंबाची वीज सर्वात खालच्या टप्प्यातील असल्याने वाचलेल्या युनिटाचा दर चार रुपये धरू. महिन्याला ४०० आणि वर्षाला ४,८०० रुपये वाचतात. पैसे वसूल होण्यास सात वर्षांहून अधिक काळ लागतो. कर्ज काढले तर हप्ता ४०६ रुपयांचा आणि बचत ४०० रुपयांची!

येथे अनुदानाच्या दरात अन्याय झालेला नाही, हे ध्यानात घ्यावे. किंबहुना दर किलोवॅटमागे लहान संचाला मोठ्यापेक्षा अधिक अनुदान आहे. फरक पडतो तो वीजदराच्या रचनेमुळे. वापर वाढला की दर वाढतो. म्हणून मोठ्या ग्राहकाच्या बिलातून आधी सर्वात महाग युनिट गळतात आणि लहान ग्राहकाचे मुळातच स्वस्त असलेले युनिट वाचतात. तमिळनाडूत घरगुती ग्राहकांना १०० युनिट मोफत मिळतात. दिल्लीत २०१९ पासून, कर्नाटकात २०२३ पासून आणि तेलंगणात २०२४ पासून, तेथील अटींत बसणाऱ्या कुटुंबांना २०० युनिटपर्यंत बिल येत नाही. बंगळूर किंवा हैदराबादमधील अशा मराठी कामगाराच्या घरी सौर पॅनेलमुळे वाचण्यासारखे काहीच नाही. ज्याचे बिल मोठे त्याची बचत मोठी, हा या योजनेचा पहिला नियम आहे.

'मुफ्त' या शब्दाविषयीही दोन गोष्टी स्पष्ट असाव्यात. सौर संच बसविल्यावरही स्थिर आकार आणि अन्य आकारणी बिलात राहतेच. दुसरे असे की, ग्रिडला जोडलेला बॅटरीविरहित संच गावातील वीज गेली की आपोआप बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या वीज कामगाराला धक्का बसू नये म्हणून ही व्यवस्था आवश्यकच आहे. परंतु भारनियमनात उजेड मिळेल या आशेने कोणी हा संच घेत असेल, तर त्याला आधीच सावध केले पाहिजे.

करसवलत कोणाला

कराच्या बाबतीत सामान्य माणसाची फार मोठी गैरसमजूत आहे. स्वतःच्या राहत्या घरावर सौर पॅनेल बसविणाऱ्या पगारदाराला आयकरात त्याबद्दल कोणतीही स्वतंत्र वजावट मिळत नाही. त्याला जे मिळते ते अनुदान, आणि तेही संच बसून, तपासणी होऊन, चालू झाल्यावर बँक खात्यात जमा होते. तोपर्यंतची रक्कम त्याला स्वतः किंवा कर्ज काढून उभी करावी लागते.

धंद्यासाठी सौर संच बसविणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर आयकरात वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, तर सौर यंत्रणेवर ४० टक्के. एप्रिल २०१७ पूर्वी हा दर ८० टक्के होता. एखाद्या कंपनीने एक कोटी रुपयांचा सौर संच वेळेवर चालू केला, तर पहिल्याच वर्षी ४० लाख रुपये नफ्यातून वजा होतात आणि सुमारे २५ टक्के कराच्या हिशेबाने त्या वर्षीचा कर दहा लाखांनी कमी भरावा लागतो. हा कर कायमचा माफ होत नाही, पुढच्या वर्षांवर ढकलला जातो, हे खरे. परंतु आज हातात राहिलेल्या दहा लाखांचे मोल भांडवलदाराला चांगले कळते.

वस्तू व सेवा कराचा इतिहासही उद्बोधक आहे. २०१७ साली हा कर लागू झाला तेव्हा सौर उपकरणांवर त्याचा दर ५ टक्के होता. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो १२ टक्के करण्यात आला. 'मुफ्त बिजली'ची जाहिरात सुरू झाली तेव्हा हाच वाढीव दर चालू होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो पुन्हा ५ टक्क्यांवर आला. परंतु छपरावर संच बसवून देण्याच्या कामात किंमतीचा ७० टक्के भाग वस्तू आणि ३० टक्के भाग सेवा धरला जातो. सेवेच्या भागावर १८ टक्के कर असल्याने एकूण भार ८.९ टक्के पडतो. वरील १ लाख ८० हजारांच्या संचात सुमारे साडेचौदा हजार रुपये कराचे आहेत. सरकार एका हाताने ७८ हजार देते आणि त्यातील जवळजवळ पाचवा हिस्सा केंद्र आणि राज्य मिळून दुसऱ्या हाताने परत घेतात. सरकारी अनुदानावर बसणाऱ्या घरगुती संचावर, निदान दोन किलोवॅटपर्यंत, हा कर शून्य का नसावा, या प्रश्नाला तर्कशुद्ध उत्तर नाही.

असे असले तरी अनुदानाची पद्धत करसवलतीपेक्षा अधिक न्याय्य आहे, हे आपण मान्य केले पाहिजे. अमेरिकेत घरगुती सौर संचाच्या किंमतीच्या ३० टक्के रक्कम आयकरातून वजा होत असे. ज्याला आयकर भरावाच लागत नाही एवढे ज्याचे उत्पन्न कमी, त्याला त्या सवलतीचा उपयोग नव्हता. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने ती सवलतही त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरनंतरच्या खर्चासाठी बंद करण्यात आली. आपल्याकडे अनुदान थेट मिळते आणि त्यासाठी करदाता असण्याची अट नाही. अट आहे ती वेगळीच.

छप्पर ही पात्रता

अर्जदाराकडे योग्य छपराचे स्वतःचे घर आणि चालू वीजजोडणी असावी, ही ती अट. कागदावर ती निरुपद्रवी दिसते. परंतु २०११ च्या जनगणनेत शहरी भागातील २७.५ टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती. त्याच जनगणनेनुसार देशातील केवळ २९ टक्के कुटुंबांच्या घरांवर काँक्रीटचे छप्पर होते. त्यानंतर ही स्थिती काही प्रमाणात सुधारली असली, तरी सुरतेच्या यंत्रमागावर काम करणारा खानदेशी कामगार भाड्याच्या खोलीतच राहतो. मुंबईतील चाळीचे छप्पर भाडेकरूचे नसते. झोपडीच्या पत्र्यावर पॅनेलचा सांगाडा उभा राहत नाही, आणि राहिला तरी जागेचा कागद कोठून आणणार? ऊसतोडणी कामगार सहा महिने कारखान्याच्या तळावर पालात काढतो. सदनिकेत राहणाऱ्या नोकरदाराची गच्ची संस्थेच्या मालकीची असते. दहा मजल्यांच्या इमारतीच्या गच्चीवर सर्व सभासदांना पुरेल एवढी जागाही नसते.

निवासी संस्थांना जिना, पाणी उपसण्याचे पंप, उद्वाहक अशा सामायिक वापरासाठी दर किलोवॅटला १८ हजार रुपये अनुदान आहे. त्याचा लाभ अनेक संस्था घेऊ शकतात आणि त्यांनी तो घ्यावा. परंतु सभासदाच्या स्वतःच्या बिलाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

सूर्यप्रकाशावर कोणाची मालकी नाही, हे वाक्य जाहिरातीत शोभून दिसते. पण त्या प्रकाशाची वीज करायला जागा लागते आणि जागेवर मालकी आहे. जागा नसलेल्याला या योजनेत स्थान नाही, हा तिचा दुसरा नियम.

महाराष्ट्र सरकारने २०२५ साली या उणिवेची अंशतः दखल घेतली. दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला शंभर युनिटांपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या ग्राहकांना एक किलोवॅटसाठी केंद्राच्या ३० हजारांवर राज्याचे जादा अनुदान देण्याची योजना तिने आणली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला राज्याकडून १७,५०० रुपये मिळून त्याच्या पदरचा खर्च अडीच हजारांवर येतो, असा तिचा हिशेब आहे. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. परंतु छपराची अट येथेही कायम आहे आणि ज्यांना सर्वाधिक गरज आहे त्यांतील मोठा भाग त्या अटीतच अडकतो.

उरलेल्यांच्या बिलावर काय येते

आता प्रश्नाच्या त्या बाजूकडे येऊ, जिच्याविषयी जाहिरातीत अक्षरही नसते. आपल्या देशात वीजदराची रचना परस्पर अनुदानावर उभी आहे. मोठे उद्योग, व्यापारी आणि जास्त वीज वापरणारी घरे खर्चापेक्षा अधिक दर देतात आणि त्यातून शेतकऱ्याला व गरीब घरांना वीज स्वस्त देता येते. छपरावरील सौर विजेचा लाभ प्रथम घेणारा नेमका हाच वरच्या टप्प्यातील ग्राहक आहे. त्याचे बिल घटले की वितरण कंपनीचे ते उत्पन्न घटते. मात्र तारा, खांब, उपकेंद्रे, कर्मचाऱ्यांचे पगार आणि दीर्घ मुदतीच्या वीज खरेदी करारांची देणी तशीच राहतात. हा खर्च उरलेल्या युनिटांवर वाटला जातो. म्हणजे ज्याच्याकडे छप्पर नाही, त्याच्या दरात वाढ होण्याचा धोका निर्माण होतो.

शिवाय नेट मीटर असलेला ग्राहक दुपारी वीज ग्रिडला देतो आणि संध्याकाळी तेवढीच परत घेतो. दुपारी विजेची चणचण नसते, संध्याकाळी असते. ग्रिड त्याच्यासाठी विनामूल्य बॅटरीचे काम करते. त्या बॅटरीचा खर्च कोणीतरी भरतच असतो.

या बाबतीत एकांगी बोलणेही चुकीचे ठरेल. वीज जेथे तयार होते तेथेच वापरली गेली तर वहनातील गळती वाचते, रोहित्रावरील दुपारचा भार हलका होतो, कोळसा कमी जळतो. सौर ग्राहकांची संख्या आज एकूण ग्राहकांच्या मानाने लहान आहे. १० मार्च २०२५ पर्यंत या योजनेखाली दहा लाख घरांवर संच बसले होते, म्हणजे उद्दिष्टाचा दहावा भाग. याआधी २०२२ पर्यंत छपरांवर ४० गिगावॅट सौर वीज उभारण्याचे उद्दिष्ट होते. त्याचा चतुर्थांशही पुरा झाला नव्हता. तेव्हा उद्याच दरवाढ कोसळेल असे नाही. परंतु ही वाढ जसजशी वेग घेईल तसतशी सधन ग्राहक सार्वजनिक वितरण व्यवस्थेतून अंग काढून घेत आहेत आणि तोट्यातील ग्राहक तिच्याकडे उरत आहेत, हे चित्र ठळक होत जाईल. मग तोच तोटा पुढे करून वितरण कंपन्या खासगी मालकांच्या हवाली करा, अशी मागणी पुढे येईल. वीज कामगारांच्या संघटनांनी या धोक्याकडे आजच पाहिले पाहिजे.

यावर सौर ग्राहकाला शिक्षा करावी, त्याच्यावर जादा आकार लादावा, हा उपाय नव्हे. ज्या शिक्षकाने सरकारच्या शब्दावर विसंबून दहा वर्षांचे कर्ज काढले आहे, त्याच्या हिशेबातील नियम मध्येच बदलणे हा विश्वासघात ठरेल. देशहिताच्या योजनेचा भार देशाच्या अर्थसंकल्पाने उचलावा, गरीब ग्राहकाच्या वीजदराने नव्हे, ही आपली भूमिका असली पाहिजे.

पैसा शेवटी कोठे जातो

अनुदान ग्राहकाच्या खात्यात पडते, पण तेथे ते थांबत नाही. ते पॅनेल बनविणाऱ्यांकडे जाते. एप्रिल २०२२ पासून परदेशी पॅनेलवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के आयातशुल्क लावले गेले, आणि उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन म्हणून सौर पॅनेल उद्योगासाठी २४ हजार कोटी रुपयांची तरतूद झाली. देशी उद्योगाला संरक्षण देण्यास आपला विरोध नाही. चिनी मालावर अवलंबून राहणे धोक्याचे आहे. परंतु जनतेच्या पैशाने उभा राहणारा हा उद्योग कोणाच्या मालकीचा असावा?

हा प्रश्न काल्पनिक नाही. दिल्लीजवळ साहिबाबाद येथील सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सार्वजनिक कंपनीने १९७७ साली भारतातील पहिला सौर सेल आणि १९७८ साली पहिला सौर पॅनेल तयार केला. खासगी भांडवलाला या क्षेत्रात नफा दिसू लागण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तिचा विस्तार करून तिला देशाची गरज भागविणारी कंपनी बनविण्याऐवजी नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ती एका वित्त कंपनीला २१० कोटी रुपयांना विकण्याचा निर्णय घेतला. कामगारांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२२ साली सरकारला ती विक्री सोडून द्यावी लागली. ७५ हजार कोटींची योजना आखणाऱ्या सरकारला या क्षेत्रातील पहिली सार्वजनिक कंपनी २१० कोटींना जड झाली होती!

काय करता येईल

ज्या कॉम्रेडांचे स्वतःचे घर आहे त्यांनी सर्व सवलतींचा लाभ घ्यावा आणि शेजाऱ्यांनाही मदत करावी. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवरच करावा आणि नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच काम घ्यावे. 'एक रुपयाही भरू नका' म्हणणाऱ्या दलालाच्या हाती कागद देऊ नयेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुधारलेल्या वीज ग्राहक हक्क नियमांनुसार दहा किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी तांत्रिक व्यवहार्यतेच्या अभ्यासाची गरज उरलेली नाही. संच बसल्यावर पंधरा दिवसांत वितरण कंपनीने तो चालू करून द्यायचा आहे. पाच किलोवॅटपर्यंत वितरण यंत्रणा बळकट करण्याचा खर्चही कंपनीनेच सोसायचा आहे. हे नियम ग्राहकाला सांगितले जात नाहीत. ते सांगणे हे वस्तीतील कार्यकर्त्याचे काम आहे.

परंतु खरे काम पुढचे आहे. ज्याला छप्पर नाही त्यालाही वाटा मिळेल, अशी तरतूद योजनेच्या नियमांतच आहे. 'व्हर्च्युअल नेट मीटरिंग' असे तिचे नाव. सौर संच एका ठिकाणी बसतो आणि त्याची वीज ठरलेल्या वाट्याने अनेक मीटरांच्या बिलांतून वजा होते. संच शाळेच्या गच्चीवर असेल, बाजार समितीच्या गाळ्यांवर असेल किंवा पालिकेच्या जागेवर असेल. लाभ शंभर भाडेकरूंच्या बिलात दिसेल. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ सालीच यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. केंद्राच्या योजनेतही अशा संचांना अनुदान देय आहे. तसेच वितरण कंपनीने किंवा राज्याने नेमलेल्या संस्थेने स्वतः पुढाकार घेऊन अनेक घरांसाठी एकत्रित संच बसवावेत, यासाठीही डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने नियम प्रसिद्ध केले. जे अर्ज भरणाऱ्या एकट्या घरमालकाला जमते, ते सार्वजनिक वितरण कंपनीला वस्तीच्या वस्तीसाठी जमू शकते.

सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे अशा असंघटित श्रमिकांसाठी ३० हजार घरांचे रे नगर उभे राहिले. त्यातील पहिली १५ हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी, म्हणजे सूर्योदय योजनेच्या घोषणेच्या तीनच दिवस आधी, कामगारांना मिळाली. ती घरे एकेका कामगाराने बँकेच्या दारात उभे राहून मिळविली नाहीत. वर्षानुवर्षांच्या संघटित लढ्याने ती मिळाली. जे घराच्या बाबतीत घडले ते विजेच्या बाबतीत घडू शकणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

म्हणून आपल्या जनसंघटनांनी पुढील मागण्या घेऊन राज्य वीज नियामक आयोगांच्या जनसुनावण्यांत आणि वीज कचेऱ्यांवर गेले पाहिजे. प्रत्येक राज्यात सामायिक सौर विजेचे नियम करून भाडेकरूला, त्याच्या नावाच्या मीटरवर, वाटा मिळावा. शंभर युनिटांपेक्षा कमी वीज वापरणाऱ्यांसाठी सार्वजनिक वितरण कंपन्यांनी स्वतः संच उभारावेत आणि अनुदान मागाहून न देता आधीच त्यात जमा धरावे. शाळा, एस. टी. आगारे, रेल्वे आणि सरकारी इमारतींची छपरे प्रथम या कामासाठी द्यावीत. दोन किलोवॅटपर्यंतच्या घरगुती संचावरील वस्तू व सेवा कर रद्द करावा. वितरण कंपन्यांचे घटणारे उत्पन्न केंद्राच्या अर्थसंकल्पातून भरून निघावे. आणि पॅनेलच्या उत्पादनात सार्वजनिक क्षेत्राला अग्रस्थान मिळावे.

वीज नियामक आयोगांच्या सुनावण्यांत आज उद्योगपतींचे वकील आणि सल्लागार कंपन्यांचे तज्ज्ञ भरपूर दिसतात. भाडेकरू, झोपडीवासी आणि विडी कामगार तेथे क्वचितच दिसतात, आणि दर मात्र त्यांच्यावर ठरतात. दरनिश्चितीची कागदपत्रे आयोगांच्या कार्यालयांत उपलब्ध असतात, हरकती नोंदविण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला असतो. आपल्या राज्यात पुढील सुनावणी केव्हा आहे याची चौकशी प्रत्येक शाखेने या महिन्यातच करावी आणि छप्पर नसलेल्या ग्राहकाची हरकत लेखी नोंदवावी.